मुंबई ते कराची : सव्वासात तासांची वाट

दोन गावांमधील अंतर किती, असे आपल्या पूर्वजांना विचारले असते, तर त्यांनी कोसांचा आकडा क्वचितच सांगितला असता. ‘दोन मजला आहे’, ‘पहाटे निघाल्यास दिवेलागणीला पोचाल’, असेच उत्तर बहुधा मिळाले असते. हा अडाणीपणा नव्हे. त्यात एक शहाणपण होते. कोस जमिनीचे असतात, मजल माणसाची असते. जमीन आहे तेवढीच राहते. परंतु नदीला पूर आला, घाट ढासळला, किंवा वाटेत परक्याचे ठाणे बसले, म्हणजे एका मजलेच्या तीन होतात. अंतर किती, हे नकाशा सांगतो; ते तोडावयास किती वेळ लागतो, हे मात्र त्या त्या काळचा इतिहास सांगतो. या दोहोंमधील फरक मुंबई आणि कराची या दोन शहरांच्या उदाहरणावरून जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या जोडीवरून दिसेल.

नकाशावर मुंबईपासून कराचीपर्यंत दोरा ताणून धरला, तर तो सुमारे 880 किलोमीटर, म्हणजे साडेपाचशे मैल भरतो. मुंबईहून नागपूरला विमानाने जाताना जेवढा पल्ला पडतो, त्याहून हा पल्ला थोडासाच अधिक आहे. हा दोरा मुंबईहून निघून समुद्रावरून दीवजवळ पोचतो, काठेवाड तिरपे कापतो, कच्छचे आखात ओलांडतो आणि सिंधू नदीच्या मुखांजवळून कराचीस जाऊन भिडतो. या 880 किलोमीटरांत गेल्या दोनशे वर्षांत एका हाताचीही भर पडलेली नाही की घट झालेली नाही. बदलला आहे तो काळ. आणि तोही एकाच दिशेने बदललेला नाही, ही यातील ध्यानात घेण्यासारखी गोष्ट आहे.

इंग्रजांनी 1843 मध्ये सिंध जिंकला आणि 1847 मध्ये तो मुंबई इलाख्यास जोडला. तेव्हापासून 1936 पर्यंत, जवळजवळ नव्वद वर्षे, कराची हे मुंबई सरकारच्या अमलाखालील शहर होते. रत्नागिरी किंवा धारवाड येथे ज्याप्रमाणे मुंबईहून हुकूम सुटत, त्याप्रमाणेच ते कराचीसही सुटत. साहजिकच मुंबई इलाख्यातील कारकून, मास्तर, वकील व इंजिनियर यांच्या बदल्या सिंधमध्ये होत, आणि अनेक मराठी कुटुंबे कराचीस जाऊन स्थायिक झाली. कराचीतील एका जुन्या व नामांकित शाळेस आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांचे नाव आहे. 1855 मध्ये स्थापन झालेली ही शाळा सिंधमधील पहिली सरकारी शाळा समजली जाते. आणि ज्यांचे नाव तिला दिले गेले, ते वैद्य हे शिक्षणखात्यातील एक मराठी अधिकारी होते. सिंधी भाषेच्या शिक्षणासाठी त्यांनी घेतलेल्या श्रमांची ती पोचपावती होय.

या मंडळींना मुंबईहून कराचीस जावयाचे असे, तेव्हा दोन वाटा होत्या. एक आगबोटीची. सुमारे पाचशे सागरी मैलांचा हा प्रवास दीड-दोन दिवसांत उरके. पावसाळ्यात मात्र बोट लागण्याची तयारी ठेवूनच पाय उचलावा लागे. दुसरी वाट आगगाडीची. मुंबईहून अहमदाबादपर्यंत रुंद रुळांची गाडी. तेथे सामानसुमान उतरवून अरुंद रुळांच्या गाडीत बसावयाचे. मारवाडचे वाळवंट ओलांडून सिंधमधील हैदराबाद गाठावयाचे, आणि तेथे पुन्हा गाडी बदलून कराचीस पोचावयाचे. यातही दोन दिवसांच्या आसपास वेळ जाई. तथापि एक गोष्ट सांगावयास हवी. या दोन्ही वाटांवर तिकिटाखेरीज दुसरा कोणताही कागद लागत नसे.

विमाने आली, तेव्हा कराचीचे महत्त्व एकाएकी वाढले. पश्चिमेकडून येणाऱ्या विमानास हिंदुस्थानातील पहिला पाय टेकावयाचा तो कराचीसच, असा भूगोलाचाच कौल होता. इंग्रज सरकारने तेथे एका प्रचंड हवाई जहाजासाठी गगनचुंबी मांडवही उभारून ठेवला होता. परंतु ते जहाज 5 ऑक्टोबर 1930 रोजी फ्रान्समध्ये कोसळून जळाले, आणि मांडव रिकामाच राहिला. हवाई जहाजांचे स्वप्न असे विरले, तरी विमानांचे काम चालूच होते. 30 मार्च 1929 पासून इंपीरियल एअरवेज या कंपनीने लंडन ते कराची अशी टपालाची ने-आण सुरू केली. वाटेत काही पल्ला रेल्वेने, काही पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, अशी कसरत करीत लंडनचे पत्र सात दिवसांत कराचीस येऊ लागले. आगबोटीच्या टपालास दोन आठवडे लागत, हे लक्षात घेता ही मोठीच मजल होती. परंतु मौज अशी, की हजारो मैल सात दिवसांत ओलांडून आलेले हे पत्र पुढे मुंबईच्या साडेपाचशे मैलांसाठी रेल्वेच्या डब्यात पडून राही.

ही उणीव भरून काढण्याची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. मूळचा दक्षिण आफ्रिकेतील हा गृहस्थ ब्रिटिश हवाईदलातून निवृत्त होऊन 1929 मध्ये हिंदुस्थानात आला होता. कराचीपासून मुंबईवरून मद्रासपर्यंत टपालाचे विमान न्यावे, ही त्याची योजना जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांना पसंत पडली. जे. आर. डी. या अद्याक्षरांनी पुढे सर्वतोमुखी झालेले हे तरुण गृहस्थ जुहूच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवावयास शिकले होते, आणि 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांना मिळालेला वैमानिकाचा परवाना हा हिंदुस्थानात दिला गेलेला पहिल्या क्रमांकाचा परवाना होता. सर दोराबजी टाटांचे मन वळवून दोन लाख रुपयांचे भांडवल मिळविण्यात आले. सरकारी मान्यतेस मात्र वेळ लागला. टाटांनी सरकारी साह्याची अट सोडून दिली, तेव्हा कुठे एप्रिल 1932 मध्ये करार झाला.

15 ऑक्टोबर 1932 रोजी सकाळी 6 वाजून 35 मिनिटांनी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचे एक छोटे विमान उडाले. एका इंजिनाचे, दोन-तीन माणसे जेमतेम मावतील एवढे हे विमान. आत उतारू कोणी नव्हता. 55 पौंड टपाल आणि 28 वर्षांचे जे. आर. डी. टाटा, एवढाच भार. विमानात रेडिओ नव्हता, आणि वाट दाखविणारे कोणतेही साधन जमिनीवर नव्हते. खाली दिसणारे रेल्वेचे रूळ, नद्या, किनारा आणि हातातील होकायंत्र, यांच्या आधारेच दिशा धरावयाची होती.

हे विमान समुद्रावरून सरळ मुंबईस आले नाही, तर अहमदाबादेस वळसा घालून आले. सरळ वाट धरावयाची, तर दीवपासून मुंबईपर्यंत खाली समुद्रच. तेथे एकुलते एक इंजिन बंद पडले, तर उतरावयास जमीन नाही. शिवाय अहमदाबादचे टपालही पोचवावयाचे होते आणि टाकीत पेट्रोल भरावयाचे होते. या वळशामुळे 880 किलोमीटरांचा पल्ला हजार किलोमीटरांच्या वर गेला. अहमदाबादेस पेट्रोल आले ते चार-चार गॅलनांच्या डब्यांतून, आणि हे डबे विमानापर्यंत पोचले ते बैलगाडीतून! आकाशातून ताशी शंभर मैल वेगाने आलेले यंत्र जमिनीवर ताशी दोन-तीन मैल चालणाऱ्या बैलांची वाट पाहत उभे आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणले, म्हणजे त्या काळचे सारे हिंदुस्थान एका ठिकाणी दिसते. प्रवासाचा वेळ केवळ इंजिनाच्या वेगाने ठरत नाही. वाटेत जे जे हात आणि जी जी चाके लागतात, त्या सर्वांच्या वेगाने तो ठरतो.

दुपारी 1 वाजून 50 मिनिटांनी विमान जुहूस उतरले. कराचीहून निघाल्यापासून सव्वासात तास झाले होते. ज्या वाटेस दोन दिवस लागत, ती सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत संपली. जुहूस व्हिन्सेंट दुसरे विमान घेऊन सज्जच होता; मद्रासचे टपाल घेऊन तो बेल्लारीच्या मार्गाने पुढे निघून गेला.

ज्या जुहूच्या धावपट्टीवर हे विमान उतरले, तिची हकीकतही उपनगरांत राहणाऱ्यांनी जाणून घेण्यासारखी आहे. विलेपार्ल्याच्या पश्चिमेस, खाडी व समुद्र यांच्यामधील सपाट जागेवर 1928 मध्ये हा विमानतळ सुरू झाला. मुलकी विमानांसाठी असलेला हा देशातील पहिला विमानतळ मानतात. अंधेरी, पार्ले, सांताक्रूझ ही तेव्हा शेतांची, नारळीची आणि तुरळक बंगल्यांची गावे होती. जागा सपाट खरी, परंतु चिखलाची. समुद्राच्या भरतीहून फारशी उंच नसलेली. पावसाळा आला, म्हणजे धावपट्टीचे तळे होई, आणि टाटांचा सारा संसार तेवढ्यापुरता पुण्यास हलवावा लागे. असे असूनही पहिल्या वर्षात एकाही खेपेला टपाल चुकले नाही. त्या वर्षी या विमानांनी 1 लाख 60 हजार मैलांची मजल मारली, 155 उतारू नेले आणि दहा टनांहून थोडे अधिक टपाल वाहिले. आजच्या मानाने हे आकडे क्षुल्लक वाटतील. परंतु बैलगाडीतून येणाऱ्या पेट्रोलावर आणि चिखलाच्या धावपट्टीवर वर्षभर वेळापत्रक शंभर टक्के पाळून दाखविणे, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

आणि येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. 1932 च्या त्या दिवशी कराची, अहमदाबाद आणि मुंबई ही तिन्ही शहरे एकाच इलाख्यात होती. विमान निघाले मुंबई इलाख्यातून आणि उतरले मुंबई इलाख्यातच. ज्या उड्डाणापासून हिंदी विमानवाहतुकीचा जन्म मानला जातो, ते उड्डाण, आजच्या भाषेत बोलावयाचे, तर राज्यांतर्गत उड्डाण होते.

1 एप्रिल 1936 रोजी सिंध मुंबईपासून निराळा झाला. त्याने प्रवासात काही फरक पडला नाही. बदलले ते कचेऱ्यांचे पत्ते. खरा फरक पडला तो 1947 च्या ऑगस्टमध्ये. देशाची फाळणी झाली, सिंध पाकिस्तानात गेला आणि कराची त्या नव्या देशाची राजधानी झाली. जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल उसळली आणि तेथील हिंदूंचा धीर सुटला. माणसे मिळेल त्या आगबोटीने, गाडीने, क्वचित विमानाने मुंबईकडे निघाली. गोदीत उतरलेल्या या निर्वासितांच्या छावण्या कल्याणजवळ पडल्या, मुलुंडला पडल्या, चेंबूरला पडल्या. कल्याणच्या छावणीचे पुढे उल्हासनगर झाले. मुलुंडच्या छावणीची कॉलनी झाली. त्यांतील बहुतेकांच्या गाठीस घराच्या किल्ल्या होत्या. दीड-दोन दिवसांची तर वाट, निवळले की परत जाऊ, असाच अनेकांचा हिशेब होता. तो हिशेब चुकला. मैलांत चुकला नाही, काळात चुकला.

याच सुमारास विमानविद्येने मात्र मोठी झेप घेतली. जुहूची पट्टी मोठ्या विमानांना अपुरी पडू लागली, म्हणून 1948 मध्ये मुलकी वाहतूक शेजारच्या सांताक्रूझ येथे, युद्धकाळातील लष्करी विमानतळावर, हलविण्यात आली. त्याच वर्षी 8 जून रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने 35 उतारू घेऊन कैरो व जिनिव्हा या मार्गाने लंडनची वाट धरली, आणि 10 जून रोजी ते लंडनला पोचले. 1960 मध्ये बोइंग 707 ही जेट विमाने एअर इंडियाच्या ताफ्यात आली. आज मुंबईहून लंडनपर्यंतचे सुमारे 7,200 किलोमीटर विमान वाटेत कोठेही न थांबता नऊ-दहा तासांत कापते. या मानाने कराचीचे काय व्हावयास हवे होते? जेट विमानास हा पल्ला पावणेदोन तासांचा. बोरिवलीहून लोकलने चर्चगेटला जाऊन परत येण्यास याहून अधिक वेळ लागतो.

व्यवहारात काही काळ तसे घडलेही. परंतु 1965 चे युद्ध झाले आणि मारवाडमधून जाणारी रेल्वे मुनाबाव व खोखरापार यांच्यामध्ये तुटली. ती पुन्हा जोडली गेली 2006 च्या फेब्रुवारीत, म्हणजे 41 वर्षांनी. आणि ऑगस्ट 2019 मध्ये पुन्हा बंद पडली. हवाई वाटेचीही हीच कथा. जानेवारी 1971 मध्ये ‘गंगा’ हे भारतीय विमान लाहोरला पळवून नेऊन जाळण्यात आले. त्यानंतर भारताने आपले आकाश पाकिस्तानी विमानांना बंद केले, आणि दोन देशांमधील विमाने पुन्हा सुरू होण्यास 1976 साल उजाडले. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला. जानेवारी 2002 पासून विमाने बंद झाली, ती 1 जानेवारी 2004 रोजी सुरू झाली. मुंबई आणि कराची यांच्यामधील थेट विमानसेवा पुढे थांबली. एप्रिल 2025 मध्ये पहलगाम येथे निरपराध प्रवाशांची हत्या झाली, त्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले आणि प्रवासाचे परवानेही रद्द झाले. प्रत्येक वेळी कारण निराळे होते, आणि कित्येकदा ते अत्यंत दारुण होते. हे विसरून केवळ हळहळणे योग्य होणार नाही. परंतु कारण कोणतेही असो, त्याचा हिशेब शेवटी प्रवासाच्या तासांत मांडला जातो.

थेट विमान नसले, की ज्याला दोन्हीकडचे कागद मिळाले आहेत, त्यालाही आखातातील एखाद्या शहराचा वळसा घ्यावा लागतो. दुबईचाच मार्ग घ्या. मुंबई ते दुबई हे अंतर 1,900 किलोमीटरांहून अधिक, आणि दुबई ते कराची सुमारे 1,200. म्हणजे 880 किलोमीटरांवरील शहरी जाण्यासाठी 3,100 किलोमीटरांचा प्रवास. तीन तासांचे एक विमान, दोन तासांचे दुसरे, आणि मधली प्रतीक्षा, असा हिशेब केला, तर दुबईचे विमान सुटल्यापासून कराचीच्या जमिनीस पाय लागेपर्यंत आठ तास सहज जातात. 1932 मधील त्या पस मॉथला, बैलगाडीच्या पेट्रोलासकट, सव्वासात तास लागले होते.

नव्वद वर्षांत विमानाचा वेग पाचपट वाढला, पेट्रोल नळातून वाहू लागले, रात्रीच्या अंधारात आणि पावसाच्या धारांतही वाट दिसू लागली. आणि एवढे सारे होऊन मुंबईहून कराचीस जावयास पूर्वीइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, वेळ लागू लागला. यंत्राने जे कमावले, ते सीमेवर खर्ची पडले.

जे. आर. डी. टाटांनी हे उड्डाण पुढे दोनदा पुन्हा केले. पहिल्यांदा 1962 मध्ये, तीस वर्षे पुरी झाली तेव्हा. आणि दुसऱ्यांदा 15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या 78 व्या वर्षी. पस मॉथ उरले नव्हते, म्हणून त्याच घराण्यातील लेपर्ड मॉथ हे जुने विमान घेऊन ते कराचीहून एकटे निघाले आणि अहमदाबादेवरून पुन्हा जुहूलाच उतरले. या दोन उड्डाणांच्या दरम्यान दोन युद्धे होऊन गेली होती. तरीही कराचीच्या अधिकाऱ्यांनी त्यांना उडू दिले आणि मुंबईने उतरू दिले. उतारवयातील एका वैमानिकाच्या हौसेसाठी दोन सरकारांनी एक दिवस ती वाट मोकळी केली, एवढाच त्याचा अर्थ घेतला, तरी तो थोडा नाही.

15 ऑक्टोबर 2021 रोजी त्या उड्डाणाची आठवण तिसऱ्यांदा जागविण्यात आली. या वेळी वैमानिक होती बोरिवलीची आरोही पंडित. अटलांटिक महासागर लहानशा विमानातून एकटीने ओलांडलेली तरुणी. तिनेही आधुनिक उपकरणांचा आधार न घेता, खालची जमीन पाहत, अहमदाबादेवरून जुहू गाठले. परंतु तिचे उड्डाण कराचीहून निघाले नाही. ते निघाले भुजहून. 1971 च्या युद्धात बाँबने फुटलेली भुजची धावपट्टी माधापरच्या स्त्रियांनी 72 तासांत दुरुस्त करून दिली होती. त्या भुजहून निघणे हा त्या स्त्रियांचाही गौरव होता. तरी मूळ वाटेचा पहिला तुकडा, कराचीपासून कच्छपर्यंतचा, त्या दिवशी गाळावाच लागला. 1932 मध्ये जी वाट संपूर्ण होती, ती 2021 मध्ये अर्धवट उरली होती.

जुहूचा विमानतळ आजही आहे. तेथून आता बहुतांशी हेलिकॉप्टरे उडतात; भोवताली इमारतींची दाटी झाली आहे. थोड्या अंतरावर, सांताक्रूझ आणि अंधेरीच्या माथ्यावरून, रात्रंदिवस मोठी विमाने उतरतात. ती लंडनहून येतात, न्यूयॉर्कहून येतात, सिंगापूरहून येतात. मुलुंडच्या वसाहतीतील एखादा सिंधी वृद्ध, लहानपणी आईचे बोट धरून आगबोटीतून आलेला, त्यांचा आवाज ऐकत असेल. त्याची नातवंडे कॅनडात असतील आणि तेथून ती एका दिवसात घरी येत असतील. जन्मगाव मात्र 880 किलोमीटरांवर. आणि तेथे जावयास किती वेळ लागतो, याचे उत्तर कोणत्याही वेळापत्रकात छापलेले नाही.

म्हणूनच जुन्या माणसांची ती रीत खरी होती. गाव किती कोसांवर आहे, हे विचारून प्रवाशाचे भागत नाही. वाट चालू आहे की नाही, नदीला उतार आहे की नाही, पलीकडचे ठाणे ओळखीचे आहे की नाही, हे आधी विचारावे लागते. कोस मोजणे सोपे आहे. मजल मोजावयाची, तर दोन्ही तीरांवरची माणसे मोजावी लागतात.